भजन ‘ठेवू’ नका, म्हणा

मराठीत भजन करतात, आरती म्हणतात, कीर्तनाला जातात, जात्यावरच्या ओव्या गातात. भजन ‘ठेवणं’ हा प्रकार अलीकडचा. आमच्या सोसायटीच्या फलकावर आषाढीचा कागद लागला त्यात तोच शब्द होता: ‘भजनाचा कार्यक्रम ठेवण्यात आला आहे, सर्वांनी श्रवणाचा लाभ घ्यावा.’ चाळीस वर्षं वह्या तपासण्यात गेल्यामुळे क्रियापदाकडे आधी लक्ष जातं, त्याला माझा इलाज नाही. पण या वेळी नुसत्या क्रियापदाचा प्रश्न नव्हता.

आमच्याकडे महिला भजनी मंडळ आहे. चौदाजणी. सगळ्यांत धाकटी अठ्ठावन्न वर्षांची. आषाढी-कार्तिकीला, गणपतीत, दत्तजयंतीला आम्ही खाली सतरंजीवर बसून दीड-दोन तास भजन करतो. एक पेटी, एक ढोलकी, टाळ घरोघरचे. यंदा बाहेरून पथक आणायचं ठरलं. पथक म्हणजे दोन गाणारे आणि एक लॅपटॉप. पखवाज, बासरी, टाळ, मागचा कोरससुद्धा त्या लॅपटॉपमध्ये. त्याला ‘ट्रॅक’ म्हणतात. आम्ही पुढच्या रांगेत बसायचं, साड्या शक्यतो एका रंगाच्या नेसायच्या आणि गजराला टाळ्या वाजवायच्या. ‘काकू, क्वालिटी पाहिजे ना आता,’ असं मला सांगण्यात आलं. सांगणारा मुलगा चांगला आहे. पाण्याच्या टँकरसाठी रात्री दोन वाजता उठून उभा राहतो. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो या ‘क्वालिटी’वर.

गंमत अशी की याच सुमारास माझ्या भाच्यानं मला एक ध्वनिमुद्रण पाठवलं. मावशीला जुनं काहीतरी आवडतं म्हणून. इटलीतल्या तेराव्या शतकातल्या भक्तिगीतांचं. त्यांना तिकडे ‘लाउदा’ म्हणतात, म्हणजे स्तुती. ऐकलं, आणि मग पंधरा दिवस मी त्याच्यामागे लागले. जे हाती आलं ते वाचून मला आपल्या सूचनाफलकाचाच सातशे वर्षांपूर्वीचा इतिहास वाचल्यासारखं वाटलं. तो सांगते.

चर्चमधली अधिकृत प्रार्थना तेव्हा लॅटिनमध्ये. आपल्याकडे संस्कृत होतं तसंच. कळणारे थोडे, मान डोलावणारे पुष्कळ. त्यात असिसीच्या फ्रान्सिसनं आपल्या गावच्या बोलीत सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणत एक स्तोत्र रचलं, साधारण १२२५च्या सुमाराला. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत इटलीच्या गावोगावी मंडळं निघाली. त्यात पाद्री फारसे नव्हते. व्यापारी होते, विणकर, शिंपी, कारागीर होते. दिवसाचं काम आटोपलं की संध्याकाळी एखाद्या चित्रापुढे मेणबत्त्या लावून उभं राहायचं आणि आपल्या भाषेतल्या लाउदा म्हणायच्या. या गाणाऱ्यांना ‘लाउदेसी’ असंच नाव पडलं. फ्लॉरेन्समधलं एक मोठं मंडळ तर १२९१मध्ये धान्यबाजारात सुरू झालं, ओर्सानमिकेले नावाच्या जागी. धान्याचा बाजार, मातेचं चित्र आणि त्यापुढे गाणारी माणसं.

१२९१! ज्ञानेश्वरी १२९०ची. नामदेव तेव्हा विशीत. मला हा योगायोग मनापासून आवडतो. कुणाचं कुणाला काही ठाऊक नाही, मधे समुद्र आणि वाळवंट, आणि दोन्हीकडे एकाच पिढीतली शिंपी-माळी-सोनार मंडळी देवाशी आपल्या भाषेत आणि एकत्र बोलायला लागली आहेत.

भाषेइतकाच महत्त्वाचा आहे तो या गाण्याचा घाट. लाउदेला सुरुवातीला दोन-तीन ओळींचं पालुपद असतं. ते सगळ्यांनी म्हणायचं. मग एकानं कडवं म्हणायचं, पुन्हा सगळ्यांनी पालुपद. तंतोतंत आपलं ध्रुवपद! बुवा अभंगाचा चरण म्हणतात, टाळकरी ध्रुवपद उचलतात. हा घाट कुणा पंडितानं शोभेसाठी केलेला नाही. ज्याला वाचता येत नाही, ज्याला सगळं पाठ नाही, ज्याचा गळा बेताचा आहे, त्यालाही गाण्यात जागा असावी म्हणून तो आहे. पालुपद सोपं, आवाक्यातलं, पुन्हा पुन्हा येणारं. तिसऱ्या खेपेला नवख्यालाही येतं. लहान मुलाला येतं. ज्या गाण्याची रचनाच सगळ्यांनी म्हणण्यासाठी झाली आहे ते दोघांनी म्हणायचं आणि ‘सगळ्यांचा’ भाग लॅपटॉपनं म्हणायचा, म्हणजे पंगत वाढून जेवायला यंत्र बसवण्यासारखं आहे.

आता पुढे काय झालं ते ऐका. मंडळं नावारूपाला आली. श्रीमंत सभासद मृत्युपत्रात पैसे ठेवू लागले: माझ्या नावानं दर वर्षी अमुक दिवशी लाउदा म्हणा, मेणबत्त्या लावा. १३४८च्या महामारीत फ्लॉरेन्समध्ये माणसं पटापट मेली आणि ओर्सानमिकेलेच्या मंडळाकडे देणग्यांचा अक्षरशः पूर आला. इतक्या लोकांच्या नावानं इतक्या वेळा गायचं तर सभासदांना वेळ कुठला? मग पगारी गायक आले. आधी एक-दोन, मग जास्त. पगार दिला की चांगलंच गाणं हवं, म्हणून मग निवड आली. चांगले गायक आले की गाणंही अवघड झालं. एका सुराच्या जागी पुढे दोन, तीन, चार वेगवेगळे आवाज गुंफलेली रचना आली. पंधराव्या शतकापर्यंत फ्लॉरेन्सच्या मोठ्या मंडळांत सभासद बसलेले आणि नेमलेले गवई गाताहेत, असं चित्र झालं. कुणी दुष्टपणा केला नाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ‘क्वालिटी पाहिजे ना आता’ एवढंच म्हणालं असणार.

माझा एक ब्लॉगर मित्र (संगीतातला जाणता, माझ्याहून पुष्कळ) यावर म्हणेल की अहो बाई, त्याच पायऱ्यांवरून युरोपचं थोर संगीत वर चढलं. पगारी गायक नसते तर सगळे अजून पालुपदंच म्हणत बसले असते. खरं आहे. मला ते थोर संगीत मोडायचं नाही. सोळाव्या शतकात रोममध्ये फिलिप नेरी या साधूनं लाउदा पुन्हा साध्या केल्या, दुपारच्या प्रवचनाबरोबर सामान्य माणसांकडून म्हणवून घेतल्या, आणि त्याच्या त्या प्रार्थनागृहाच्या, म्हणजे ‘ओरातोरियो’च्या नावावरून पुढे ऑरेटोरिओ हा भव्य संगीतप्रकार ओळखला गेला. म्हणजे पुन्हा तेच! साधं गाणं, मग चांगलं गाणं, मग फक्त चांगल्यांचं गाणं. माझं म्हणणं एवढंच की मैफल मैफलीच्या जागी शोभते. तिनं सतरंजी बळकावू नये.

आणि हे मी आपल्या मैफलींबद्दलही म्हणते, मग कुणाला राग आला तरी चालेल. भीमसेनजींची संतवाणी मी रांगेत उभी राहून तिकीट काढून ऐकली आहे. डोळ्यांत पाणी आलं आहे. पण त्या एका दैवी आवाजानं नकळत आपल्या मनात अभंगाचं एक माप ठरवून टाकलं. अभंग म्हणजे तीन सप्तकांत फिरणारा आवाज, मागे तबला-पखवाज, आणि शेवटी टाळ्या. त्या मापानं मोजलं तर तुमची आई, तुमची आजी, दिंडीतला घोगऱ्या गळ्याचा शेतकरी, सगळे नापास. भीमसेनजींचा यात काय दोष? दोष आपल्या मोजण्याचा. तुकोबांनी अभंग लिहिले तेव्हा परीक्षक डोळ्यांपुढे धरले नव्हते. आज मात्र आठ वर्षांचं पोर अभंग म्हणू लागलं की आईबाप पहिला प्रश्न विचारतात, ‘स्पर्धेला पाठवू या का?’

दिंडी आठवा. विणेकरी एक, पखवाजवाला एक, बाकी सगळे टाळकरी. अभंगांचा क्रम ठरलेला. आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला जी शिस्त लावली तिच्यात श्रोता नावाची जागाच नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून बघणारे असतात, ते दिंडीच्या बाहेरचे. आत आलात की टाळ घ्या आणि म्हणा.

आणि दिंडी लांब वाटत असेल तर आपल्या लोकलचं उदाहरण घ्या. भाईंदरहून निघणाऱ्या सकाळच्या गाड्यांत वर्षानुवर्षं भजनी मंडळी ठराविक डब्यात भेटत आली आहेत. कारकून, बँकवाले, गिरणी बंद पडून वॉचमन झालेले, फळविक्रेते. कुणी टाळ बॅगेत घेऊन येतो, कुणी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो. माझ्या नोकरीच्या काळात आमच्या बायकांच्या डब्यातही व्हायचं, शेंगा मोडता मोडता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला आंब्याची पानं आणि झेंडू. कुणाला त्याचा त्रास होतो, झोप मोडते, तक्रारी होतात, हेही खरं आणि तेही समजण्यासारखं आहे. पण फ्लॉरेन्सच्या धान्यबाजारातल्या लाउदेसींचा आजचा सख्खा भाऊ कोण असं मला विचाराल तर मी त्या डब्याकडे बोट दाखवीन. विरारपर्यंत कुणी ऑडिशन घेत नाही.

आपल्या मिरा-भाईंदरचा विषय निघालाच आहे तर उत्तनकडे वळते. पुष्कळ शेजाऱ्यांना उत्तन म्हणजे समुद्र, मासळी आणि सुट्टीची सहल एवढंच ठाऊक असतं. डोंगरी, पाली, चौक या गावांतली ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन मंडळी पोर्तुगीज काळापासूनची. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, गावं आणि चर्चं राहिली. या लोकांची मिस्सा मात्र विसाव्या शतकापर्यंत लॅटिनमध्येच चालली. व्हॅटिकन परिषदेनं १९६३मध्ये लोकभाषेची वाट मोकळी केली, त्यानंतर मराठी आली. पण घरातली आणि क्रुसापुढची प्रार्थना त्याआधीही लोकांची होतीच. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडची. मे महिन्यात तिच्या आळीतल्या क्रुसापुढे जपमाळेच्या प्रार्थनेला मी दोनदा गेले आहे. होडीवर वाऱ्याशी ओरडून कमावलेले ते आवाज! एकालाही ‘गोड’ म्हणता येणार नाही. पण शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा ओट्यावरच्या म्हाताऱ्यांपासून सायकलवर एक पाय टेकून उभ्या असलेल्या पोरांपर्यंत सगळे म्हणत होते. गोव्यात तर ‘लादाईन’ म्हणून प्रकार आहे, वाड्यावरच्या क्रुसापुढे जमून गायची स्तोत्रमाला, तीही वेगवेगळ्या आवाजांत. गाणारी माणसं कोण? वाड्यावरचीच.

मराठीत ख्रिस्ती भक्तीचं मोठं काम करणारे दोघेही हे ओळखून होते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. १५७५मध्ये रोममध्ये जेझुइट झाला (त्याच वर्षी त्याच शहरात फिलिप नेरीच्या मंडळीला पोपची मान्यता मिळाली), १५७९मध्ये गोव्याला आला आणि १६१६मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्यानं ओवीच का घेतली? कारण नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं गेली होती आणि त्यांना म्हणायला काहीतरी हवं होतं. ‘म्हणायला’ हा शब्द लक्षात घ्या. दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळींत इंग्रजी गीतांची भाषांतरं विलायती चालींवर म्हणायची रीत होती. शब्द मराठी, पण जिभेला वळण परकं. टिळकांनी अभंग, ओव्या, भजनं लिहिली. त्यांची गीतं ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. चालीत माणूस घरच्यासारखा शिरू शकला पाहिजे, हे त्यांना तुकोबांकडून कळलं होतं.

आता ‘चालीं’वर आले, तर जी गोष्ट मला खरी लागली ती सांगते. आमच्या मंडळात चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी आहेत, मूळच्या संगमेश्वरकडच्या. त्यांच्या गौळणीची एक चाल आहे, त्यांच्या आईकडून आलेली. मधेच एका स्वरावर थबकते आणि मग घसरगुंडीसारखी खाली येते. मी ती दुसरीकडे कुठेही ऐकलेली नाही. त्यांच्या नातीनं तीच गौळण मोबाइलवर शोधली, तिला एका नामांकित गायिकेची दुसऱ्या चालीतली मिळाली. आणि ती पोर अगदी प्रेमानं म्हणाली, ‘आजी, तुझी चाल चुकीची आहे गं.’

आजी त्यानंतर दोन गुरुवार आल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आल्या आणि मागे बसून नुसता टाळ वाजवला.

‘क्वालिटी’ची किंमत ही आहे. सोसायटीला पथकाची बिदागी महाग पडली की स्वस्त, हा मुद्दाच नाही.

कोर्तोना नावाच्या गावात लाउदांची एक पोथी आहे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिथल्या मंडळाची. सेहेचाळीस लाउदांवर सुरावट लिहिलेली आहे. काही शतकं ती पडून राहिली आणि १८७६मध्ये तिथल्या ग्रंथालयात जिरोलामो मान्चीनी यांना सापडली. सूर कळतात, लय नीटशी कळत नाही. कुठला स्वर लांबवायचा, कुठला आखूड, यावर विद्वान भांडतात आणि प्रत्येक पथक आपापल्या समजुतीनं गातं. ज्या भाच्याच्या ध्वनिमुद्रणापासून हे सुरू झालं तेही असंच, उत्तम शिकलेल्या गायकांचं. ऐकायला सुंदर. पण कोर्तोनाच्या शिंप्याला विचारता आलं असतं तर एका मिनिटात भांडण मिटलं असतं. पोथी वाचली, शिंपी म्हणायचा थांबला.

आपल्याकडे तर पोथीही नाही. अभंगांचे शब्द गाथेत आहेत, चाली फक्त गळ्यात आहेत. आजींची गौळण त्यांच्याबरोबर जाईल. ‘मग रेकॉर्ड करून ठेवा’ असं माझी सूनबाई म्हणाली, आणि तिनं स्वतः येऊन ते केलंही. उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. पण ते शिकण्यासाठी वापरलं तरच. नाहीतर तेही ‘ठेवलेलं’च.

‘बेसुरांनी गाऊन दुसऱ्याला त्रास का द्यावा?’ हा नेहमीचा आक्षेप. शाळेत मी रोज सातशे मुलांची प्रार्थना ऐकली आहे. सातशेत किमान शंभर बेसूर असणार. एकत्र म्हटलं की बेसूर बुडून जातो. उघडा पडतो तो माइक लावल्यावर. म्हणजे उपाय माइक काढण्याचा आहे, माणूस काढण्याचा नाही. दुसरा आक्षेप, तरुण मुलं येत नाहीत. त्यांना येऊन काय करायचं आहे? ऐकायचंच असेल तर त्यांच्या कानात याहून चांगलं अगोदरच वाजत असतं. हातात टाळ दिला तर निदान पाच मिनिटं थांबतील, हे मी पाहिलेलं आहे.

आषाढीचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल, पथकाचे पैसे देऊन झाले आहेत आणि मी पुढच्या रांगेत बसणार नाही, एवढं कळवून टाकलं आहे. त्याव्यतिरिक्त काय करतोय ते सांगते, कारण नुसतं तक्रार करणाऱ्या निवृत्त शिक्षिका पुष्कळ आहेत. दर गुरुवारी साडेचारला गच्चीच्या जिन्यापाशी बसतो. माइक नाही. पट्टी दोन स्वर खाली घेतली आहे, कारण बुवा लोकांच्या उंच पट्टीत आमच्या वयाच्या बायका ओठ हलवतात, गात नाहीत. एका दिवशी एकच नवीन अभंग, आणि त्याचं ध्रुवपद आधी सगळ्यांना चार वेळा. पेटी वाजवणारे शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ येतात, ते चालींची सरगम लिहून घेतात आणि मी ठेका लिहिते. टाळी कुठे, थांबायचं कुठे, तेही, म्हणजे कोर्तोनासारखं व्हायला नको. आजवर अकरा चाली लिहून झाल्या. आजींची गौळण नववी. ती लिहिताना त्यांनी आम्हाला सहा वेळा थांबवलं, सातव्या वेळी स्वतःच म्हणू लागल्या.

भाईंदर-मिरारोडला असाल तर या. उत्तनची माझी विद्यार्थिनीही पुढच्या महिन्यात तिच्या दोन मावशांना घेऊन येणार आहे, टिळकांचं एक भजन शिकवायला. कागद मी मोठ्या अक्षरात छापून घेतले आहेत, तरी येताना चष्मा आणा. टाळ असेल तर तोही.